हशाची जागा

श्वे बाओशानला इंग्रजी अजिबात येत नव्हतं असं नाही. इंग्रजांच्या देशात मुसळधार पाऊस आला की आभाळातून मांजरं आणि कुत्री पडतात, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. तरुणपणी तिएनजिनच्या सायकल कारखान्यातल्या संध्याकाळच्या वर्गात हे वाक्य त्यानं पुस्तकातून घोकून ठेवलं आणि ते वापरायची संधी कधी येते याची वाट बघत म्हातारा झाला. बायको गेल्यावर मुलगी त्याला परदेशात, बर्नाबीला घेऊन आली. तिथल्या पहिल्याच धो धो पावसात, कुंपणापलीकडे कचऱ्याचा डबा ओढणाऱ्या शेजारणीला त्यानं ते वाक्य मोठ्या झोकात ऐकवलं.

शेजारीण थांबली. "माझी आजी असं म्हणायची," ती म्हणाली. "आजीही गेली आणि ते म्हणणंही गेलं. आम्ही आता पावसाला नुसत्या शिव्या घालतो."

ही डोरीन. केस कापायचं दुकान चालवण्यात तिची उमर गेली होती, आणि जिभेला धार तिथंच लागली होती. बाओशानला तिच्या उत्तरातलं अर्धंच कळलं, पण मान त्यानं पूर्ण हलवली. नव्या देशात येऊन तो तेवढंच शिकला होता.

बाओशान कोण होता हे बर्नाबीत कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ते सांगायला हवं. तिएनजिनमध्ये लोक मुळ्याची जुडी घेतानासुद्धा दोन विनोद केल्याशिवाय पिशवी पुढं करत नाहीत. अशा गावात बाओशान दिवसा सायकलींना ब्रेक बसवायचा आणि सुट्टीच्या दिवशी चहाघरात लांब झगा घालून श्यांगशंग हा विनोदी संवादाचा खेळ करायचा. त्यात दोघं जण उभे राहतात. एक बोलतो, दुसरा त्याला टेकू देतो. बाओशान टेकूवाला. 'हं', 'अस्सं?', 'मग पुढं?' एवढंच त्याचं काम, पण ते नेमकं कुठं म्हणायचं ही सगळी विद्या. त्या लोकांच्या भाषेत विनोद म्हणजे गाठोडं. लोकांच्या डोळ्यांदेखत त्यात एकेक वस्तू ठेवायची, गाठ मारायची, मग थांबायचं. सगळं चहाघर पुढं झुकलं की गाठ सोडायची. हशा त्यानंतर.

गाठ सुटायच्या आधी कुणी हसलं किंवा वाहवा केली, तर तिथं ती शिवी समजतात. कलाकार आवडला नाही तर तिएनजिनचे लोक अंडी फेकत नाहीत, चुकीच्या जागी शाबासकी देतात. अशी उलटी शाबासकी मिळाल्यावर भलेभले झगा गुंडाळून गावी गेलेले बाओशाननं पाहिले होते. याला अपवाद एकच, त्याची बायको. घरी जेवताना तो काही सांगायला लागला की ती गाठ सुटायच्या आधीच हसायची. पण तिची गोष्ट वेगळी होती. ती इतकी तल्लख की तिला गाठोड्यात काय आहे ते आधीच दिसायचं. हे तो मित्रांना अभिमानानं सांगायचा.

असा हा माणूस बर्नाबीत मुका झाला. दुकानात मान हलवायची, बसमध्ये मान हलवायची. लोकांना वाटायचं, म्हातारा गरीब स्वभावाचा आहे.

मुलीचं, युनशूचं, लग्न ग्रेडी नावाच्या एका दाढीवाल्या, सालस पोराशी ठरलं, तेव्हा दोन्ही घरचे एकत्र जेवायला बसले. तिथं बाओशाननं एक विनोद केला. तो मनात तिएनजिनच्या बोलीत बांधलेला आणि शब्दाला शब्द लावून इंग्रजीत ओढून आणलेला होता. त्यानं गाठ सोडली आणि टेबलावर सगळे चिडीचूप. कुणीतरी बटाट्याचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. मग युनशू हसून इंग्रजीत म्हणाली, "बाबा जरा दमलेत."

भाषा येत नाही म्हणाली असती तर त्याला चाललं असतं, कारण ते खरं होतं. दमलेत हे त्याला झोंबलं. त्यानं बटाटे तसेच ठेवले आणि त्याच खुर्चीत बसून ठरवलं, की लग्नात मुलीचा बाप बोलतो म्हणे, तर आपणही बोलायचं. इंग्रजीत बोलायचं आणि ह्याच माणसांना हसवायचं. एकदा ते जमलं की मुलीला पुन्हा आपल्यामुळे सारवासारव करायला लागणार नाही. आपण कोण होतो ते तिलाही दिसेल.

त्याच आठवड्यात डोरीननं कुंपणावरून हाक मारली. "बाओ, चहाला ये. आणि ते मांजर-कुत्र्याचं पुस्तक चुलीत घाल. माणसं खरं काय बोलतात ते मी शिकवते तुला."

बर्नाबीत आपल्याला कुणीतरी आपण होऊन हाक मारली, याचं बाओशानला इतकं अप्रूप वाटलं की तो चपला बदलायचाही विसरला.

मग रोज दुपारी डोरीनच्या ओट्यावर शिकवणी सुरू झाली. सोपं काम म्हणजे केकचा तुकडा. कुणी मेला, की त्यानं बादलीला लाथ मारली.

"कुणाच्या बादलीला?" बाओशाननं विचारलं.

"कुणाची का असेना. तो मेलाय ना, आता काय भरून देणार आहे?"

लग्नाच्या आधी घाबरून जो माघार घेतो, त्याचे पाय गार पडतात. जे जन्मात घडणार नाही ते डुकरं उडायला लागतील तेव्हा घडेल. बाओशान ते तोंडात घोळवायचा, उलटंपालटं करायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं गाठोडं बांधून आणायचा. पोरं शाळेत रस्त्यावरची बोली शिकतात तशी त्यानं इथली रोजची बोलीही शिकून घेतली. दुकानातला पोऱ्या 'काय चाललंय' म्हणाला तर प्रकृती सांगायची नसते. खूप छान असेल त्याला 'आजारी' म्हणतात. डोरीनला त्यानं टेकू द्यायला शिकवलं. कुठं हं म्हणायचं, कुठं गप्प बसायचं. ती पटकन शिकली. तो थांबला की ती थांबायची, आणि गाठ सुटली की मांडीवर थाप मारून हसायची, इतकी की खोकल्याची उबळ यायची.

"डोरीनबाई, तुमच्या हसण्याची जागा बिनचूक आहे," तो एकदा म्हणाला. त्याच्या तोंडून याहून मोठी स्तुती निघणं शक्य नव्हतं. डोरीननं नजर वळवली आणि कपबशा उचलायला लागली. त्याला वाटलं, बाई लाजली.

भाषण तयार झालं. युनशूनं ते ऐकायला मागितलं तेव्हा त्यानं साफ नकार दिला. गाठोडं आधी उघडून दाखवत नाहीत. ती हो म्हणाली, पण तिच्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

लग्नाच्या दिवशी त्यानं सूट घातला आणि खिशात चहाघरातला मिटणारा पंखा ठेवला. हॉलमध्ये डावीकडे ग्रेडीची माणसं, उजवीकडे युनशूच्या ऑफिसातली. पुढच्या टेबलावर डोरीन बसली होती. डोक्याचे केस फुगवून आलेली, हात मांडीवर घट्ट धरून. बाओशान उभा राहिला. त्यानं खिशातला पंखा काढून उघडला. चहाघरात उघडायचा तसाच.

"डोरीनबाईंनी मला शिकवलं," त्यानं इंग्रजीत सुरुवात केली, "की लग्नाच्या आधी माणसाचे पाय गार पडतात. मी ग्रेडीला विचारलं, तुझे पडलेत का? तो म्हणाला, नाही. पण मी मुलीचा बाप. सकाळी मी त्याला गुपचूप एक भेट दिली..."

तो थांबला. पंखा मिटला. आणि गाठ सुटायच्या आधीच हॉल हसला. दोन्ही बाजू, पहिल्या टेबलापासून शेवटच्यापर्यंत, एकदम. त्या हशातच त्यानं "लोकरीचे मोजे" म्हटलं, पण ते त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही.

उलटी शाबासकी. उभ्या हयातीत त्याच्या वाट्याला कधी न आलेली शिवी त्याला इथं, मुलीच्या लग्नात, तिच्या सासरच्यांनी दिली होती. त्यानं चेहऱ्यांकडे बघितलं, आणि गोंधळला. शिवी देणाऱ्यांचे चेहरे असे नसतात. सगळे त्याच्याकडे प्रेमानं बघत होते, पुढच्या हशासाठी तयार बसल्यासारखे. एकटी डोरीन हसली नव्हती. ती टेबलावरचा कपडा बघत होती.

त्यानं पुढचं गाठोडं घेतलं. तेच झालं. तो जिथं थांबला तिथं हसले, गाठ सोडली तिथं शांत. घाईघाईनं त्यानं थांबणं कमी करून पाहिलं, तर एकदा श्वास घ्यायला थांबला तिथंही हसले.

आता राहिलं शेवटचं. सगळं भाषण ज्याच्यासाठी रचलं होतं ते.

"युनशूची आई म्हणायची, ही पोरगी लग्न करेल तेव्हा डुकरं उडतील. म्हणून ह्या गावात आल्यापासून मी रोज आभाळाकडे बघत होतो. काही दिसलं नाही. आज इथं आलो, तर जेवणात डुकराचं मांस. मी आत जाऊन आचाऱ्याला विचारलं, हे डुक्कर क्वेबेकहून इतक्या लांब आलं कसं? आचारी म्हणाला..."

तो थांबला. थांबावंच लागतं. हॉल हसला, टाळ्या वाजल्या, कुणी शिट्टी मारली. "विमानानं," बाओशान म्हणाला, आणि तो शब्द त्या गदारोळात विरून गेला. आचारी काय म्हणाला ते त्या हॉलमध्ये कुणालाही कळलं नाही.

म्हणजे, एकाला कळलं. मागच्या टेबलावर ग्रेडीचा चुलत आजोबा नॉर्म चाकाच्या खुर्चीत बसला होता. हशा ओसरल्यावर, नेमकं गाठ सुटून जेवढा वेळ जायला हवा तेवढ्यानं, तो म्हातारा "विमानानं!" म्हणून खो खो हसत सुटला. त्याच्या बायकोनं त्याचा दंड दाबला. "शू," ती म्हणाली. "आत्ता नाही."

भाषण संपल्यावर ग्रेडीची मावशी पॅम हातात वाइनचा पेला घेऊन त्याच्याकडे आली आणि तिनं त्याला मिठी मारली. "बरोबर हसलो ना आम्ही? युनशूनं सगळ्यांना मेसेज केला होता. बाबा थांबले की हसा म्हणून. पण थांबलात किती हो तुम्ही. माझे गाल दुखायला लागले." तिच्या बोलण्यात कपट नव्हतं. म्हणून तर तिच्यावर चिडताही येईना.

"आणि नॉर्म?" बाओशाननं विचारलं.

"त्याच्याकडे फोन कुठाय? तो आपला मनाला येईल तेव्हा हसतो."

कोट टांगायच्या खोलीत त्यानं मुलीला गाठलं. तिएनजिनच्या बोलीत, आवाज न चढवता विचारलं, "माझं भाषण ऐकलं होतंस तू?"

"तुम्ही ऐकवलंत कुठं, बाबा?"

"मग कुणी हसणार नाही हे तुला कसं ठाऊक?"

तिच्या पांढऱ्या झग्याची कड कुणाच्या तरी बुटानं मळली होती. युनशू ती कड चिमटीत धरून उभी राहिली. "त्या जेवणाच्या दिवशी तुमचा चेहरा बघितला होता मी. परत नसता बघवला."

"चेहरा माझा होता. तो मी सांभाळला असता."

"मला तुम्हाला खूश बघायचं होतं. त्यात काय वाईट केलं?"

"तिएनजिनवाल्याची मुलगी तू, आणि हशा कुठं येतो हे तुला कळत नाही? थांबल्यावर हसा, असं कोण सांगतं?"

"आईनं सांगितलं होतं," युनशू म्हणाली. बोलून गेल्यावर तिनं ओठ चावला, पण आता ते परत घेता येण्यासारखं नव्हतं. "मी लहान असताना. तुम्ही जेवताना काहीतरी सांगायचात. आई दिवसभर गिरणीत उभी राहून आलेली असायची, तिचं लक्ष नसायचं. ती मला म्हणाली, ते थांबले की हसायचं, म्हणजे त्यांना बरं वाटतं. मी तसंच करत आले."

बाओशाननं एका कोटाची बाही हातात धरली. कुणाचा कोट होता कोण जाणे. तल्लख बायको, जिला आधीच दिसायचं. मित्रांना सांगितलेलं सगळं त्याला आठवलं, आणि भर गर्दीत कुणी कपडे उतरवावेत तशी लाज वाटली. मेलेल्या माणसावर रागवायचं तरी कसं?

"डोरीनबाईंना चहाला बोलवायला तूच सांगितलंस?"

युनशू रडायला लागली. तेच उत्तर होतं.

दुसऱ्या दिवशी डोरीन कुंपणापाशी आली. तो वाफ्यातल्या पातीला पाणी घालत होता.

"पोरगी माझ्याकडे आली होती," डोरीन म्हणाली. "म्हणाली, बाबा भिंतीशी बोलतात, जरा बघा. मी म्हटलं बघते. सुरुवातीला उपकार म्हणूनच हसले, खोटं कशाला सांगू? मग नाही. मग खरंच हसायला यायला लागलं रे. त्या मेसेजच्या मी विरोधात होते, तिला म्हणालेही."

"मला नाही म्हणालात."

"नाही. तुला नाही म्हणाले."

"खरं कधीपासून हसायला लागलात?"

"ते कुणी लक्षात ठेवतं का, बाओ? पण माझी हसायची जागा बिनचूक आहे असं तूच म्हणालास ना? खोटं हसणाऱ्याला ते जमलं असतं?"

बाओशाननं नळ बंद केला. जमलं असतं. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो स्वतः उभा जन्म स्टेजवर, हजारदा ऐकलेल्या विनोदांना, अगदी जागेवर, अगदी पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसला होता. टेकूवाल्याचं कामच ते. आणि डोरीनला टेकू द्यायला शिकवलं होतं त्यानंच. तिच्यावर विश्वास ठेवायला त्याच्यापाशी काही उरलं नव्हतं, आणि न ठेवायलाही नव्हतं. तो "येतो" म्हणाला आणि घरात गेला.

लग्नानंतर मुलगी नवऱ्याला घेऊन माहेरी जेवायला येते, ही त्यांच्याकडची रीत. बाओशाननं रीत मोडली नाही. आनंदाच्या दिवशी करतात तशा नूडल्स केल्या, वर कोळंबी आणि अंड्याचा दाट रस्सा, बाजूला काकडी, मोड आलेले मूग, लाल कोबी. पीठ हातानं मळलं. त्याचा राग त्या पिठाला कळला असेल, तोंडातून मात्र एक शब्द बाहेर आला नाही.

तिघं बसली. ग्रेडीनं चॉपस्टिक्स नीट धरल्या आणि मान खाली घालून खायला लागला. त्याला घरातली हवा समजत होती. युनशू बोलत राहिली. रस्सा छान झालाय, हवा छान आहे, फोटो छान आलेत. बाओशान "हं" म्हणत होता, जिथं म्हणायचं तिथं.

मग तिनं चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "बाबा, ते शेवटचं परत सांगा ना. डुकराचं. आवाजात मला शेवट ऐकूच आला नाही. खरंच ऐकायचंय मला."

बाओशाननं तिच्याकडे बघितलं. डोळे सुजलेले होते. आईचेच डोळे. क्षणभर त्याला वाटलं, द्यावं. तिनं स्वतः मागितलंय, तर द्यावं. त्यानं हात पुसून मोकळे केले, आणि इंग्रजीत, ग्रेडीलाही कळावं म्हणून, पहिल्यापासून सांगितलं. आईचं म्हणणं, रोज आभाळाकडे बघणं, आज जेवणात डुक्कर. युनशू पुढं झुकली होती. पण ती गाठोड्याकडे बघत नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, ते कधी थांबतंय ह्याची वाट बघत.

"मी आचाऱ्याला विचारलं, हे डुक्कर इतक्या लांब आलं कसं? आचारी म्हणाला..."

तो थांबला. ह्या वेळी ती हसली नाही. ओठ दाबून, शहाण्या मुलीसारखी, तिनं त्याला शेवटापर्यंत जाऊ दिलं.

"ट्रकनं," बाओशान म्हणाला.

युनशू हसली. मनापासून हसल्यासारखी, मान मागं टाकून, टाळी वाजवून हसली. ग्रेडीची चॉपस्टिक हवेत थांबली. त्यानं बायकोकडे बघितलं, मग सासऱ्याकडे.

"हं," बाओशान म्हणाला, आणि तिच्या वाडग्यात आणखी रस्सा वाढला.